आधी रोग ओळखू द्या, मग औषधाला अनुदान द्या

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
गोवा राज्य, पणजी

विषय: पिकांवरील रोग व किडींचे निदान, त्यांच्या नोंदी आणि प्रतिकारक्षम जातींच्या स्थानिक चाचण्या यांसाठी राज्याची कायमस्वरूपी यंत्रणा उभारण्याबाबत

महोदय,

पीक संरक्षणासाठी सरकारची जी मदत आम्हा बागायतदारांपर्यंत पोहोचते, ती मुख्यतः फवारणीची यंत्रे, औषधांवरील सवलत आणि पीक गेल्यानंतरची भरपाई या रूपांत पोहोचते. ती अनाठायी आहे असे माझे म्हणणे नाही. मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) भाव आणि पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढणाऱ्या माणसाची मजुरी पाहता ती नसती तर अनेक कुळागरे (पोफळ, माड, मिरी यांच्या मिश्र बागा) आजवर ओस पडली असती. परंतु फवारणीच्या आधी झाडाला नेमके काय झाले आहे हे कळावे लागते, आणि ते कळणे आज बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या अंदाजावर किंवा औषध विकणाऱ्या दुकानदाराच्या सल्ल्यावर सोडलेले आहे. माझे हे पत्र तेवढ्याचसाठी आहे.

वांग्याच्या मर रोगाचे उदाहरण घ्या. आगशी गावच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे, पण वांगी, मिरची आणि टोमॅटो या तिन्ही पिकांना गोव्यात सर्वांत मोठा धोका आहे तो राल्स्टोनिया सोलॅनॅसिएरम या मातीतल्या जिवाणूचा. भरात आलेले झाड दुपारी कोमेजते, संध्याकाळी सावरल्यासारखे दिसते आणि काही दिवसांत हिरवेच्या हिरवे मरते. बुरशीमुळे येणारी मरही वरवर पाहता अशीच वाटते, म्हणून शेतकरी बुरशीनाशक आणतो आणि मुळाशी ओततो. जिवाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. वास्तविक खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात धरला, तर जिवाणूजन्य मरीत थोड्याच वेळात दुधी रंगाची तार पाण्यात उतरताना दिसते, आणि बुरशीजन्य मरीत ती दिसत नाही. या परीक्षेला यंत्र लागत नाही की रसायन लागत नाही, तरीही ती ज्ञात नसल्यामुळे हंगामामागून हंगाम चुकीच्या औषधावर पैसे जातात, आणि त्या पैशांत कधी कधी सरकारच्या सवलतीचाही वाटा असतो. या रोगावर खरे उपाय आहेत ते प्रतिकारक्षम जाती, रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमे आणि पाणी साचणाऱ्या भातशेतीशी पिकाची फेरपालट. त्यांपैकी एकही उपाय बाटलीत मिळत नाही, म्हणून दुकानदार तो सांगणार नाही.

आपल्याकडे संशोधन संस्था नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. जुने गोवे येथे १९७६ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र आहे, २०१४ मध्ये त्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचा दर्जा मिळाला, आणि तेथील शास्त्रज्ञांनी याच जिवाणूजन्य मरीवर तसेच खाजन (खाऱ्या पाण्यालगतच्या) जमिनींतील भातावर मोलाचे काम केलेले आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मात्र जुने गोवे येथील संस्थेवर देशाच्या साऱ्या किनारपट्टीची जबाबदारी आहे. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर आलेला रोग त्याच आठवड्यात ओळखणे हे तिचे काम नव्हे. ते राज्याचे काम आहे. विभागीय कृषी कार्यालयातील अधिकाऱ्याकडे योजनांचे अर्ज, पाहणी, पंचनामे आणि अनुदानाची कागदपत्रे इतकी असतात, की त्याच माणसाने रोगतज्ज्ञही असावे अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

या बाबतीत शंभर वर्षांहून जुना एक दाखला आपल्या शेजारीच आहे. म्हैसूर संस्थानाने १९०८ मध्ये लेस्ली कोलमन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाला राज्याचा कीटक व बुरशी तज्ज्ञ म्हणून नेमले, आणि १९१० मध्ये त्यांनी सुपारीच्या कोळेरोगावर आपला अभ्यास प्रसिद्ध करून बोर्डो मिश्रणाची फवारणी बागायतदारांच्या हाती दिली. आपण आज जी फवारणी करतो ती मूलतः तीच आहे: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, पहिली फवारणी मृगाच्या पावसाआधी, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. एका संस्थानाने नेमलेल्या एका माणसाच्या कामावर चार पिढ्यांची सुपारी तरली, एवढे लक्षात घेतले तर दोन तज्ज्ञांची पदे हा राज्याच्या तिजोरीवरचा भार वाटू नये.

कोळेरोगाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण गोव्यातील संशोधनाची अडचण तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. हा रोग फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, आणि सतत पाऊस, थंड झालेली हवा व झाडावर टिकून राहिलेला ओलावा एकत्र आले की कोवळी सुपारी काही दिवसांत सडून गळू लागते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या राज्यात दुसऱ्या फवारणीचा मुहूर्त पंचांगाप्रमाणे ठरवता येत नाही. उघडीप नेमकी कधी मिळेल यावर सारे अवलंबून असते. तालुकावार पाऊस आणि आर्द्रता मोजून कोळेरोगाचा इशारा देता आला, तर तो एखाद्या फवारणीइतकाच उपयोगी ठरेल. शिवाय वर्षानुवर्षे त्याच मातीत मोरचुदातले तांबे पडत आहे. ते किती साठले आहे, गांडुळांवर आणि मातीतल्या उपकारक बुरशींवर त्याचा काय परिणाम झाला आहे, याचे मोजमाप जुन्या कुळागरांत पद्धतशीरपणे झाले पाहिजे.

पण खरी गोम पुढेच आहे. आपल्या कुळागरात पोफळ, माड, मिरवेल, केळ आणि जायफळ एकाच पाटाच्या पाण्यावर वाढतात. मिरवेलीची शीघ्र मर, माडाचा कोंब कुजणे आणि सुपारीचा कोळेरोग हे तिन्ही फायटोफ्थोरा याच वंशातील वेगवेगळ्या जातींचे काम आहे, आणि पावसाळ्यात या तिन्ही पिकांवरून पडणारे थेंब एकाच जमिनीवर पडतात. देशातील संशोधनाची वाटणी मात्र पिकांप्रमाणे झालेली आहे: माड आणि पोफळीसाठी कासरगोड, काजूसाठी पुत्तूर, मसाल्यांसाठी कोझिकोडे, केळीसाठी तिरुचिरापल्ली. प्रत्येक संस्था आपापल्या पिकात निष्णात आहे, आणि कुळागर मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. एका पिकावरचा जीव शेजारच्या पिकावर कितपत जातो, मिरवेल पोफळीवर चढवावी की वेगळ्या आधारावर, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडावे की नाही, हे प्रश्न गोव्याचे आहेत आणि त्यांची उत्तरे गोव्यातच शोधावी लागतील.

काजूची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे ज्ञान पुरेसे आहे आणि अडचण जमिनीच्या व्यवस्थेत आहे. खोड आणि मूळ पोखरणारा रोठा बुंध्याशी भुसा आणि डिंक टाकतो. लवकर लक्षात आले तर पटाशीने साल तासून अळी काढता येते आणि झाड वाचते. उशीर झाला की झाड वाळते, आणि ते वाळलेले झाड तसेच उभे ठेवले तर त्यातून निघणारे भुंगे आजूबाजूच्या झाडांवर जातात. गोव्यात वन विकास महामंडळाच्या काजू बागा पावणीने, म्हणजे लिलावाने, दिल्या जातात. एका हंगामासाठी बोंडू आणि बी गोळा करायला आलेला माणूस रोठ्याच्या मागे कशाला लागेल? त्याला दोष देता येत नाही. ज्या बागेत पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नाही, तिच्या बुंध्याशी कोणी वाकत नसते. परंतु लागून असलेल्या खासगी बागायतदाराला त्याचे फळ भोगावे लागते. पावणीची मुदत काही वर्षांची करावी, आणि वाळलेली झाडे तोडून काढणे व रोठ्याची तपासणी करणे ही अट करारात घालावी, एवढी साधी सुधारणा येथे पुरेशी आहे.

काजूवरील ढेकण्याने मात्र जातीच्या निवडीचा एक वेगळा धडा दिला आहे. कोवळी पालवी, मोहोर आणि लहान बी यांतून रस शोषताना तो विषारी लाळ सोडतो, आणि मोहोर भाजल्यासारखा करपतो. पुत्तूरच्या संस्थेने दिलेली भास्कर ही जात ढेकण्याच्या तडाख्यातून पुष्कळदा निसटते, कारण तिच्या मोहोराची वेळ आणि ढेकण्याच्या जोराची वेळ जुळत नाही. म्हणजे तिचे बळ कालमानात आहे. हे कालमान उत्तरेकडच्या पेडण्यात आणि दक्षिणेकडच्या काणकोणात सारखेच असेल असे गृहीत धरता येणार नाही. वेंगुर्ल्याच्या जाती, आपल्याकडील बाळ्ळी येथील निवडलेली जात आणि भास्कर शेजारी शेजारी लावून, मोहोराच्या आणि किडीच्या तारखा काही वर्षे टिपल्या तरच कोणत्या तालुक्यात कोणती कलमे द्यावीत हे सांगता येईल. सध्या रोपवाटिकेत जे उपलब्ध असेल ते लावले जाते.

प्रतिकारशक्ती एकदा मिळवली की कायमची राहते, हा समजही दूर झाला पाहिजे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तपकिरी तुडतुड्यांना तोंड देणारी आयआर २६ ही जात दिली, आणि दोन-तीन वर्षांतच तुडतुड्यांचा तिला पचवणारा प्रकार पुढे आला. १९७६ मध्ये वेगळ्या जनुकाची आयआर ३६ आणावी लागली. भातावरील गादमाशीचे भारतात अनेक प्रकार नोंदलेले आहेत, त्यामुळे एका प्रदेशात टिकलेली जात दुसऱ्या प्रदेशात बळी पडते. भेंडीत पुसा सावनीने पिवळ्या शिरांच्या विषाणूपुढे कालांतराने हात टेकले. आपल्या सात शिरांच्या भेंडीला मानांकन मिळाले असले तरी तो विषाणू पसरवणारी पांढरी माशी मानांकन पाहून थांबत नाही. सरद (पावसाळी) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचा) या दोन्ही हंगामांत आपण ज्या भाताच्या जाती वर्षानुवर्षे लावत आलो आहोत, त्या आजच्या करप्याला आणि कडा करप्याला किती टिकतात हे दर दोन-तीन वर्षांनी आपल्याच मळ्यांत तपासावे लागेल. कोरगुटसारखे खाऱ्या पाण्यातले जुने वाणही त्या चाचणीत असावेत; त्यांची पारख आजवर क्षाराच्या बाजूने झाली, रोगाच्या बाजूनेही ती व्हावी.

शेवटी बाहेरून येणाऱ्या किडींबद्दल. नारळावरील इरिओफाइड कोळी भारतात प्रथम १९९८ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला, रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये पोल्लाचीत, लष्करी अळीचा नवा अमेरिकी प्रकार २०१८ मध्ये शिवमोग्ग्यात. तिन्ही वेळा संकट दक्षिणेकडून पुढे सरकले. माड, पोफळ आणि शोभेच्या झाडांची रोपे सीमेपलीकडून ट्रकने आणली जातात. त्यांची नमुना तपासणी मोले, पोळे आणि पत्रादेवी या सीमानाक्यांवर करता येईल. पांढऱ्या माशीच्या बाबतीत तर योग्य निदानाने खर्चच वाचतो: तिच्यावर जगणारी एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी आपोआप वाढते, आणि रासायनिक कीटकनाशक फवारले की आधी तीच मरते. येथे शास्त्राचा सल्ला फवारू नका असा आहे, आणि तो सांगायला कोणीतरी वेळेवर माडाखाली येऊन उभे राहायला हवे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली, मोबाइलवर छायाचित्र टाकले की ती कीड ओळखते. तिचा उपयोग अवश्य करावा; मात्र मुळातली कूज छायाचित्रात दिसत नाही, आणि आमच्या दरीतल्या कुळागरांत नेटवर्क मिळवायला डोंगरावर चढावे लागते.

म्हणून विनंती अशी, की येत्या अर्थसंकल्पात पीक संरक्षणाच्या तरतुदीतील एक भाग वेगळा काढून कृषी संचालनालयात वनस्पतिरोग आणि कीटकशास्त्र यांची दोन कायम पदे, एक साधी निदान प्रयोगशाळा आणि प्रत्येक तालुक्यात नोंद ठेवणारा एक प्रशिक्षित माणूस यांची व्यवस्था करावी. जुने गोवे येथील संस्थेशी त्यासाठी लेखी करार करावा. आणि नोंदी मराठीत व कोकणीत दरमहा प्रसिद्ध व्हाव्यात. चाचण्यांसाठी जागा आणि झाडे द्यायला बागायतदार मागे राहणार नाहीत, माझे कुळागर त्यात धरावे. पावणीच्या अटींना तर पैसाही लागत नाही. त्या पुढच्या काजू हंगामाच्या लिलावापूर्वी बदलता येतील काय, एवढे तरी आपल्या कार्यालयाने जाहीर करावे.

आपला नम्र,
एक बागायतदार
सत्तरी, गोवा