त्या एका जादा फटक्याबद्दल

आदरणीय सर,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. आज मनावर घेऊन लिहायला बसलो आहे.

आपण गोल्फ खेळत होतो, तेव्हा सातव्या होलवर तुमचा चेंडू रफमध्ये, दाट गवतात गेला होता, आठवतं? मी लांब उभा राहून माझाच चेंडू शोधत होतो. तुम्ही आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी, चेंडूमागे टेकवलीत, गवत दबलं आणि चेंडू जेमतेम बोटभर सरकला. मला कळलंही नसतं. तुम्ही हाक मारलीत, चेंडू मूळ जागी ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या नावावर एक वाढव." दंडाचा फटका धरून पाचाचे सहा झाले. तुमचे फटके लिहायचं कार्ड माझ्याकडे होतं. "पण कोणी पाहिलं नाही ना, सर," असं मी बोलून गेलो. तुम्ही नुसतं पेन्सिलीकडे बोट दाखवलंत.

परतताना अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्याबद्दल सांगितलंत. 1925 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत त्यांचाही चेंडू असाच हलला होता. त्यांनी स्वतःहून दंडाचा फटका घेतला, त्यामुळे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा फेरीत, ते एका फटक्याने हरले.

मी लहानपणापासून उपासनेला जाणारा माणूस. शिबिराहून आलो की दोन आठवडे पहाटे उठून प्रार्थना, मग महिनाभर बायबल उघडायचंही नाही. एखादं पाप घडलं की इतका खचायचो, की प्रभूसमोर जायचंच टाळायचो. माझ्या खेळाचीही तीच गत होती. एक फटका बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात गेला, की पुढचे तीन रागात वाया.

तुम्ही मला ड्रायव्हर, ती लांब फटक्याची काठी, खाली ठेवायला लावलीत आणि रोज 3 फुटांवरून पटिंग, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलण्याचा सराव, करून घेतलंत. 250 यार्डांचा ड्राइव्ह कार्डावर एक, आणि वीतभर अंतराचा पटही एकच, हे तुमचं म्हणणं तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. आता माझी सकाळची 15 मिनिटांची प्रार्थना त्यावरच उभी आहे. मन लागो न लागो, बसतो.

आणि जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर! 1991 च्या रायडर कपमध्ये, युरोप विरुद्ध अमेरिका अशा सांघिक स्पर्धेत, शेवटच्या होलवर त्यांचा 6 फुटांचा पट हुकला आणि युरोपच्या हातून कप गेला. विश्वासात आलेला हा माणूस पुढच्याच आठवड्यात जर्मनीत स्पर्धा जिंकला. मागचं विसरून पुढे धावण्याबद्दल पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं, ते मी कितीदा वाचलं होतं. तुम्ही मात्र बंकरमधल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "कबूल केलंस ना? मग आता हा फटका खेळ." पापकबुली आणि क्षमा मला तिथे, वाळूत उभं असताना उमगली.

मागच्या महिन्यात कामातल्या हिशेबात माझी एक चूक झाली. कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी स्वतःहून साहेबांना सांगितली. सांगताना आवाज कापत होता, आणि डोळ्यांसमोर गवतात वाकलेले तुम्ही होतात.

मनापासून धन्यवाद, सर.

तुमचा विद्यार्थी आणि प्रभूमध्ये धाकटा भाऊ