विषय: रायफलच्या नळीवरची घट्ट कडी आणि तुमच्या माणसाने दिलेला जीवघेणा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्याकडे चौथ्यांदा फोन केला. तो ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो.

रायफल तुमचीच, लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची, थर्टी-थर्टी काडतुसाची. मी डावखुरा, हा दांडा कुठल्याही हाताला सारखाच, आणि पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला आपोआप पुढचं काडतूस भरणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणून विचार करून लिव्हर घेतली. अचूकतेचा दावा तुमच्या माहितीपत्रकात होता, म्हणून तुमची घेतली. 100 यार्डांवर पहिली गोळी नेम धरला तिथे, दुसरी दोन इंच वर, पाचवी साडेपाच इंच वर. आडवा फरक इंचभरही नाही. नळी वीस मिनिटं गार होऊ दिली की पहिली गोळी पुन्हा जागेवर! नळी आणि तिच्याखालचं काडतुसांचं मॅगझिन एकत्र धरणारी पुढची कडी नळीला आवळून बसली आहे, नळी तापली की तिला पसरायला जागा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कडीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, तर त्याच काडतुसांनी पाचही गोळ्या पावणेदोन इंचांत आल्या. नेमाच्या सगळ्या कागदांचे फोटो तुम्हाला पाठवले.

सहा आठवडे रायफल तुमच्याकडे होती. परत आली ती 50 यार्डांवरच्या तीन गोळ्यांचा कागद आणि "दोष नाही" एवढा शेरा घेऊन. कडी तशीच घट्ट.

आज तुमच्या माणसाने विचारलं, "चाप ओढताना डोळे मिटता का?" मी नाही म्हटलं, कडीचं पुन्हा सांगितलं. "मग दणक्याला दचकत असाल." दचकणाऱ्याच्या गोळ्या सरळ रेषेत वर चढत नाहीत हो, आणि नळी गार झाली म्हणून त्याचं दचकणं थांबत नाही! त्यावर तो म्हणाला, "चपट्या गोळ्या सोडा, टोकदार घालून बघा, नेम सुधारेल."

तुमचं मॅगझिन म्हणजे एक लांब नळकांडं, काडतुसं त्यात एकामागे एक बसतात. त्यात मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की बार पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर, टेकतं. टणक टोकदार गोळी घातली तर दणक्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो, आणि माझा हात नेमका त्याच्याखाली असतो. चपट्या नाकाच्या नाहीतर मऊ टोकाच्या गोळ्या त्यासाठीच वापरतात. हे तुमच्या माणसाला माहीत नाही? शिवाय स्क्रूला हात लावल्यामुळे वॉरंटी गेली, हेही त्यानेच सुनावलं.

पहिली गोळी तर लागते, असं तुम्ही म्हणाल. दुसरी झाडायची वेळ येते ती जखमी जनावर तडफडत रानात शिरू नये म्हणून. दुसऱ्या कोणी घायाळ केलेल्या हरिणीचा माग मी एकदा रात्री साडेदहापर्यंत काढला आहे. पाचोळ्यावरचे ते रक्ताचे थेंब अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. ही रायफल घेऊन मी रानात जाणार नाही.

दहा दिवसांत कडी नीट करून द्या, नाहीतर सगळे पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे ग्राहक म्हणून तक्रार करणार. पण त्याआधी त्या माणसाने टोकदार गोळ्यांचा सल्ला आणखी कोणाकोणाला दिला ते शोधा आणि त्या प्रत्येकाला आजच्या आज फोन करा. माझी कडी नंतर बघा.

तुमचा एक ग्राहक,
पेनसिल्व्हेनिया