फराळानंतरचा वजनकाटा

लीड्स (इंग्लंड), तुळशीच्या लग्नाचा आठवडा

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि. आईला साष्टांग नमस्कार.

दादा, दिवाळीत अडीच किलो वाढले आणि सोमवारपासून एकच वेळ जेवून रोज आमराईत पळणार, असं तू फोनवर म्हणालास. आधी त्या अडीच किलोंचा हिशोब करू. शरीरात एक किलो चरबी साठायला रोजच्या गरजेच्या वर साधारण ७,७०० कॅलरी लागतात. अडीच किलोला झाल्या एकोणीस हजारांच्या वर. चाळीस ग्रॅमचा बेसनलाडू दोनशे कॅलरींचा धरला, तर नेहमीचं जेवण जेवून वर शहाण्णव लाडू. वहिनींनी एवढे वळलेही नसतील!

मग काटा पुढे का गेला? गोड आणि पिठाचं जास्त खाल्लं की साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठते, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडतं. चिवडा, चकली, शेव यांतलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. पोटातल्या अन्नाचंही वजन असतंच. नेहमीचं जेवण सुरू झालं की यातलं बरंचसं आठवडाभरात आपोआप उतरतं.

आणि घोळ नेमका इथेच होतो. एकभुक्त राहायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरतो, तो पाण्याचा. माणसाला वाटतं, उपाशी राहण्याचा गुण आला. दुसऱ्या आठवड्यात पाणी संपतं, काटा अडतो, भूक मात्र तेवढीच राहते. तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी हळदीला ताट भरतं आणि ‘आता पुढच्या महिन्यापासून’ असं ठरतं. उत्साह आळसामुळे जातो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो अशा चुकीच्या हिशोबाने जातो. म्हणून पहिले दहा दिवस वजन करूच नकोस. नंतर आठवड्यातून तीन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन कर आणि तिन्हींची सरासरी लिहून ठेव. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरला तर उत्तम चाललंय.

अडीचातलं थोडं खरंही असतं, आणि तेच चिकटून राहतं. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिथल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीपासून नव्या वर्षापर्यंत नोंदवली, तो अभ्यास २००० साली छापून आला. सरासरी वाढ ०.३७ किलो निघाली, म्हणजे लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ती उतरली नव्हती. आपल्याकडे तर गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई, संक्रांत अशी रांगच असते. ‘सण संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला मुहूर्त कधी मिळणार?

खाल्लेलं व्यायामाने फेडायचा विचार सोड. पंचाहत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने चालला तर एका लाडवाला पाऊण तास लागतो. व्यायाम हवा तो साखर, रक्तदाब, स्नायू आणि झोपेसाठी. वजनाचा प्रश्न मुख्यतः स्वयंपाकघरात सुटतो.

पळायचंच असेल तर इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम चांगला आहे. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं असं आलटून पालटून वीस मिनिटं. ‘एवढंसंच?’ असं वाटेल, पण त्याला कारण आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूबंध आणि हाडं भाराला सरावायला महिने घेतात. दम आहे म्हणून माणूस पळत सुटतो आणि टाच किंवा नडगी धरते. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. त्याआधी दोन आठवडे फक्त चाल: सकाळी वीस मिनिटं, रात्री जेवल्यावर दहा. वेग एवढा ठेव की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जेवणानंतरची दहा मिनिटं वगळू नकोस, रक्तातली साखर चढते तेव्हाच पायाचे स्नायू ती वापरतात. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं तर मात्र थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकी आठ वेळा, दोन फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यापासून दहा वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. सांध्यात टोचून दुखलं तर तो प्रकार बंद.

वहिनी, तुम्ही एकदम पंचवीस सूर्यनमस्कार घालू नका. खंड पडल्यावर मांडीचा सांधा आखडलेला असतो, त्यामुळे भुजंगासनात सगळा बाक कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो, आणि अंगाचा भार पुन्हा पुन्हा मनगटांवर पडून तीही दुखतात. चारपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन वाढवा, पुढे वाकताना गुडघे जरा सैल ठेवा.

दहा हजार पावलांचाही धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. वयस्कर अमेरिकन स्त्रियांवरच्या २०१९ च्या अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. फोनमध्ये गेल्या महिन्याची सरासरी बघा आणि तिच्यात हजार मिळवा. या महिन्याचं लक्ष्य तेवढंच.

इथे ख्रिसमसचं खाणं झालं की जानेवारीत जिममध्ये ट्रेडमिल मिळत नाही आणि मार्चमध्ये हवं ते मिळतं. टिकतात ते बहुधा कमी ठरवणारे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. म्हणून दोन गोष्टी ठरव. व्यायाम घड्याळाला न बांधता रोज होणाऱ्याच कामाला बांध: चहाचा कप विसळला की बूट. आणि वाईट दिवसासाठी किमान माप पाच मिनिटांचं ठेव. लग्नाला गेलास, एक दिवस बुडाला, हरकत नाही. सलग दोन बुडू द्यायचे नाहीत.

आता उरलेले डबे. ते ओट्यावरून वरच्या फळीवर जाऊ देत. चिवडा डब्यातून मुठीने खायचा नाही, छोट्या वाटीत काढून घ्यायचा. तीस ग्रॅमला सुमारे दीडशे कॅलरी होतात आणि मुठी कुणी मोजत नाही. करंजी खायची तर जेवणानंतर एक, ताटात घेऊन. चारच्या भुकेला नको, तेव्हा एकीवर भागत नाही. त्या वेळेला फुटाणे किंवा ताक. खवट वास आला की टाकून द्या, ‘वाया जाईल’ म्हणून संपवू नका. सकाळी नुसते पोहे खाल्ले की अकराला डबा उघडतो. पोह्यांबरोबर वाटीभर मोडाची मटकी किंवा दोन अंडी घ्या, नाहीतर मुगाची धिरडी करा. फोडणीचं तेल बरणीतून ओतण्याऐवजी चमच्याने घ्या, पोहे खायच्या मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात.

मार्गशीर्षातले गुरुवार भरपाई म्हणून धरू नका. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि दाणे. ताटभर खिचडी नेहमीच्या जेवणापेक्षा हलकी नसते. वाटीभर भगर, आमटी बेताची आणि ताक ठीक.

आईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळायचं नाही. तिच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचं औषध असेल तर उपाशी पोटी साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासायची. ती शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आडवा धरून पोट मोजा. आपल्या लोकांत पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तुम्हा दोघांचे आकडे आणि आईच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो रविवारच्या आत पाठवा.

तुमचा,
धाकटा