अ‍ॅक्सेप्टची घाई नको

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

आता मेंटेनन्सचं काम तुझ्याकडे येतंय, म्हणून एसएमपी/ईबद्दल, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमवर सॉफ्टवेअर आणि त्याच्या दुरुस्त्या बसवणाऱ्या साधनाबद्दल लिहितोय. पीटीएफ, म्हणजे दुरुस्तीची पॅकेजं, कोणत्या क्रमाने बसवायचे हे आपण ठरवत नाही, ते पीटीएफमध्येच लिहिलेलं असतं. एखादा उघडून बघ. वर ++पीटीएफ आणि सात अक्षरी नाव, खाली ++व्हर. त्यात कोणत्या एफएमआयडीसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागासाठी आहे ते दिसेल. तिथल्या ‘प्री’ यादीमधले पीटीएफ आधी बसलेले हवेत, निदान त्याच जॉबमध्ये तरी. ‘रेक’मधले सोबत हवेत. ‘सुप’मधले याच्याच पोटात आलेले असतात, ते वेगळे शोधत बसू नकोस.

रिसीव्ह करताना, म्हणजे पीटीएफ एसएमपी/ईमध्ये आणताना, होल्डडेटा (कोणता पीटीएफ का रोखलाय याची यादी) त्याच दिवशीचा घे. महिन्यापूर्वी चांगला असलेला पीटीएफ काल सदोष ठरलेला असू शकतो, आणि ते फक्त होल्डडेटाच सांगतो. एरर होल्ड बायपास करू नकोस. दुरुस्तीचा पीटीएफ येईपर्यंत थांब. सिस्टिम होल्डचं वेगळं आहे. अ‍ॅक्शन, डॉक, आयपीएल (सिस्टिम पुन्हा सुरू करणं) अशी कारणं असतात. मजकूर वाचायचा, सांगितलेलं काम करायचं, मगच बायपास. न वाचता सगळे बायपास केले, तर एखादी पॅरामीटरची दुरुस्ती राहून जाते आणि ते आयपीएलनंतर कळतं.

अप्लायच्या, म्हणजे पीटीएफ लायब्ररींत बसवण्याच्या आधी अप्लाय चेक (नुसती चाचणी), दर वेळी. ग्रुपएक्स्टेंड दिलंस तर लागणारे बाकीचे पीटीएफ तोच गोळा करतो, पण ते रिसीव्ह झालेले हवेत. पन्नास पीटीएफ अडकलेले दिसले तरी घाबरू नकोस, कॉझर रिपोर्ट काढ. बहुतेकदा मूळ कारणं एक-दोनच असतात. खरा अप्लाय चालू सिस्टिमवर नको. लायब्ररींची प्रत आणि तिचा टार्गेट झोन (तिच्यात काय बसलंय याची नोंद), दोन्ही घेऊन त्या प्रतीवर कर. ई३७ने जॉब पडला तर जागा संपलेली असते. डेटासेट कॉम्प्रेस कर, नाहीतर मोठा कर.

अ‍ॅक्सेप्टची, म्हणजे पीटीएफ डिस्ट्रिब्युशन लायब्ररीत (मूळ प्रतीत) कायम करण्याची, मात्र घाई करू नकोस. बसवलेला पीटीएफ काढताना रिस्टोअर जुना भाग डिस्ट्रिब्युशन लायब्ररीतून आणतो, आणि अ‍ॅक्सेप्ट तिथलाच जुना भाग पुसतो. आता उलटी बाजू बघ. एकाच मॉड्यूलवर आधी ‘अ’, मग ‘ब’ बसलाय आणि दोन्ही अ‍ॅक्सेप्ट झालेले नाहीत. तर एकटा ‘ब’ काढता येत नाही, ‘अ’सुद्धा काढावा लागतो. म्हणून नवा गठ्ठा अप्लाय करण्याआधी, निर्धोक चाललेला मागचा गठ्ठा अ‍ॅक्सेप्ट करून टाक.

तुझे,
बाबा