फोन मी कट केला नव्हता

कोलंबस, ओहायो
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी हेच लिहिते, कारण छोटू म्हणाला की आई दोन दिवस धड जेवली नाही. रविवारी व्हिडिओ कॉल अडकला तेव्हा फोन मी कट केला नव्हता. आई, मी रागावलेली नाही, आजारी नाही आणि तुमच्यापासून काही लपवतही नाही. माझी गालफडं बसलेली दिसली ती अडकलेल्या चित्रात. वजन आहे तेवढंच आहे.

तुम्हाला मी पुतळ्यासारखी दिसत होते, पण मला तुम्ही नीट दिसत होतात. तू पदरानं फोनची काच पुसलीस, मग आजीला म्हणालीस, "ठेवला वाटतं तिनं." मी इकडून "आई, आहे मी" म्हणून ओरडत होते. ते बघून मला फार वाईट वाटलं, म्हणून या वेळी लाइनचा छडा लावायचाच असं ठरवलं.

बाबा, तुम्ही विचारलंत की वाईत फायबर आली आणि अमेरिकेत अजून केबल कशी? आमच्या गल्लीत अजून केबलच आहे. ही तार मुळात टीव्हीसाठी टाकलेली. टीव्ही नुसता घरात यायचा, घरातून बाहेर काही जायचं नसायचं. पुढे त्याच तारेवर इंटरनेट आलं आणि बाहेर जाणाऱ्याच्या वाट्याला खालचा 5 ते 42 मेगाहर्ट्झचा चिंचोळा पट्टा आला. त्यामुळे बिघाड झाला की आधी माझं तुमच्याकडे येणं अडतं. शिवाय तार गल्लीत सगळ्यांची मिळून. तुमचे रविवार सकाळचे साडेसहा म्हणजे इथे शनिवारी रात्रीचे नऊ, तेव्हा घरोघर सिनेमे चालू असतात.

पण नुसती गर्दी असती तर मोडेमचे दिवे विझले नसते. मोडेमवर, म्हणजे इंटरनेटच्या डब्यावर, चार दिवे आहेत: पॉवर, डाउनस्ट्रीम (आत येणारं), अपस्ट्रीम (बाहेर जाणारं), ऑनलाइन. चालू करताना ते एकेक करून लुकलुकतात आणि मग स्थिर होतात. माझा अपस्ट्रीमचा दिवा मध्येच पुन्हा लुकलुकायला लागायचा आणि ऑनलाइनचा विझायचा. वायफायचा दोष असेल म्हणून लॅपटॉपला थेट वायर लावून पाहिली, तरी तेच. मग ब्राउझरमध्ये 192.168.100.1 टाकून मोडेमचं पान उघडलं. आत येणारा सिग्नल उणे 14, तो उणे 7 च्या खाली जाऊ नये. आणि बाहेर पाठवायला मोडेम 53 चा जोर लावत होता, तो पन्नाशीच्या आत हवा.

काल तळघरात उतरले. भिंतीवर जुना स्प्लिटर होता, एका तारेच्या चार करणारा. आधीच्या भाडेकरूंनी चार टीव्हींसाठी लावलेला. तीन तोंडं रिकामी, चौथ्यावर मी. बाबा, ठिबकच्या मेन लाइनवर चार फाटे काढले की शेवटच्या सरीला पाणी कसं करंगळीएवढं येतं, तसंच हे. रिकाम्या तोंडांचा वाटाही वायाच जातो. एका कनेक्टरच्या पितळेवर हिरवट पूड धरली होती, आपल्या देवघरातल्या समईवर धरते तशी. तो कापून नवा बसवला, स्प्लिटर काढला, दोन तारा थेट जोडल्या आणि पान्यानं हलकेच आवळल्या. आकडे उणे 7 आणि 46 वर आले. काल रात्री नऊला तासभर बघत बसले, चारही दिवे स्थिर होते.

इथली एक रीत मात्र अजून माझ्या पचनी पडलेली नाही. इंटरनेटचा पहिल्या वर्षाचा दर कमी असतो, महिना 50 डॉलर. वर्ष संपलं की न विचारता तो 80 होतो. मग गिऱ्हाइकानं फोन करून म्हणायचं, "मला कनेक्शन बंद करायचंय." बंद करायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. ते तुम्हाला दुसऱ्या विभागात देतात. तिथला माणूस फार गोड बोलतो, का सोडताय विचारतो, थोडा वेळ फोन धरायला सांगतो आणि मग 55 ला देतो. गप्प बसणारा वर्षानुवर्षं 80 भरतो. मंडईत आपण घासाघीस करतो ती भाजी समोर ठेवून, उघडपणे. इथे जाण्याचं खोटं सांगितल्याशिवाय खरा भाव निघत नाही. शेजारीण म्हणाली, सगळेच करतात. मी केलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मन खात होतं.

आणि आई, एक कबूल करते. मागे एका रविवारी लाइन बरी होती. तेव्हा फोन वाजत राहिला, कारण ऑफिसमधून येऊन मी सोफ्यावरच झोपले होते. मेसेजमध्ये मात्र लाइनचंच कारण लिहिलं. तू त्या दिवशी दोनदा फोन केलास.

बाबा, छोटूच्या लग्नासाठी दीड लाख पाठवले आहेत. पतसंस्थेचं कर्ज काढू नका, पुढच्या महिन्यात अजून पाठवते. "धाकट्याचं आधी कसं?" म्हणणाऱ्यांना सांगा की थोरलीनंच हो म्हटलंय. पुण्याच्या स्थळाशीही मी बोलेन, नाही म्हटलेलं नाही. पण छोटूचं होऊ दे.

व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळाली नाही, आणि त्या शिक्क्याशिवाय परत इथे येता येणार नाही. मी येत नाही. छोटूला मीच सांगते, तुम्ही सांगू नका. करवलीचा करा मामांच्या धाकटीच्या हातात द्या, माझी मोरपंखी पैठणी तिला नेसवा, कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

मुहूर्त 11:40 चा, म्हणजे इथे रात्रीचे 2:10. तेव्हा गल्ली झोपलेली असते, लाइन मोकळी असेल. फोन अंतरपाटाच्या बाजूला कुणाच्या तरी हातात द्या आणि मी अडकलेली दिसले तरी ठेवू नका. मला तुम्ही दिसत असाल.

आजीला नमस्कार.

तुमची,
चिमी