धुराड्याच्या आगीबद्दल तक्रार: चुलीसोबत सफाईची सोय आणि खरी माहिती द्या

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक: १० मार्च २०२५
ठिकाण: सोलापूर

विषय: १८ मे २०२४ रोजी घेतलेल्या धुराड्याच्या चुलीबाबत. सफाईची सोय नसणे, फोनवर चुकीचा सल्ला दिला जाणे, त्यातून लागलेली आग आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल.

महोदय,

मी सोलापुरात कडक भाकरी करून विकते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, माझी जाऊ आणि शेजारच्या दोघी पहाटे पाचला बसतो ते अकरापर्यंत उठत नाही. साध्या चुलीपुढे वीस वर्षं डोळे चोळत काढली. म्हणून मागच्या मे महिन्यात १४,५०० रुपये मोजून तुमची लोखंडी चूल घेतली. चार इंची धुराडं, हवेची झडप, वर टोपी. पहिले दोन महिने शेडमध्ये धूर नव्हता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. माझं बघून बचत गटातल्या सहा जणींनी हीच चूल घेतली. आज हे पत्र लिहिताना माझ्या नुकसानीपेक्षा त्या सहा घरांची काळजी जास्त आहे, कारण त्यांना चूल घ्यायला मी सांगितलं.

चूल बसवायला आलेल्या तुमच्या माणसाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, काहीही जाळा, ओलं-सुकं सगळं चालतं. दुसरी, लाकूड टाकलं की झडप अर्धी मिटा, जळण कमी लागेल. आम्ही तसंच केलं. पावसाळ्यात बाभळीची ओलसर लाकडं आणि तुराट्या घातल्या, झडप मिटली आणि धुमसत ठेवली. गणपतीच्या सुमारास पाइपच्या जोडातून काळं, चिकट पाणी ओघळायला लागलं. एके दिवशी त्याचा एक थेंब काटवटीत थापत असलेल्या भाकरीवर पडला. बोटाने पुसला तर निघेना, राखेने घासावं लागलं. त्याला डांबराचा वास येत होता. त्या दिवशी मळलेलं सगळं पीठ मी टाकून दिलं.

ऑक्टोबरमध्ये धूर उलटा शेडमध्ये यायला लागला. दारं लावून काम केलं की जावेचं डोकं दुखायचं. तुमच्या नंबरवर फोन केला, तर सांगितलं, ‘ब्रश दिलाय ना, साफ करा.’ ब्रश होता, पण तीन इंची, आणि त्याची दांडी तीन फुटांची. आमचं धुराडं उभं चार फूट, मग कोपरा, मग पाच फूट आडवं भिंतीबाहेर, मग दुसरा कोपरा आणि वर सहा फूट. असं ते तुमच्याच माणसाने बसवलं. तीन फुटांची दांडी पहिल्या कोपऱ्यापर्यंतही पोचत नाही. चार इंची नळीत तीन इंची ब्रश फिरवला की मधली मोकळी काजळी पडते आणि कडेचा थर जागच्या जागी राहतो. कोपऱ्याला उघडायचं झाकण नाही. पाइपचे तुकडे रिवेट मारून पक्के केलेले. मग साफ करायचं कुठून? सोबतच्या पुस्तिकेत, इंग्रजी आणि हिंदी मिळून बारा पानांत, सफाईबद्दल एकच वाक्य आहे: धुराडं वेळोवेळी स्वच्छ ठेवावं.

११ जानेवारीला मी पुन्हा फोन केला, कारण दोन दिवसांवर भोगी होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या चारशे भाकरींची ऑर्डर होती आणि चूल ओढत नव्हती. तुमच्या माणसाने सांगितलं, ‘मूठभर मीठ टाका आणि अर्धा तास जोराचा जाळ करा, सगळी काजळी जळून जाईल.’ त्या कॉलची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक सोबत जोडला आहे. कॉल रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, म्हणजे तो तुमच्याकडेही असेल.

१२ जानेवारीला संध्याकाळी मी तेच केलं.

दहा मिनिटांत पाइपमधून घरघर सुरू झाली. पुलावरून आगगाडी जाते तसा आवाज, थांबेचना. शेडमधला कोपरा आधी करडा, मग लालभडक झाला. बाहेर टोपीतून ठिणग्या उडून पत्र्यावर पडत होत्या. जावेने बादली उचलली. तेवढ्यात माझे धाकटे दीर धावत आले. ते एमआयडीसीतल्या एका रंगाईच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. ‘वहिनी, तापल्या लोखंडावर पाणी नको, फाटेल,’ म्हणत त्यांनी बादली बाजूला केली, चुलीचं दार आणि झडप गच्च मिटली आणि पोरांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. मुलाने १०१ ला फोन लावला. हवा तोडल्यावर जाळ हळूहळू बसला. गाडी आली तेव्हा पाइप काळा पडला होता, पण जवानांनी छताचा वासा तपासला. पाइप त्याच्यापासून जेमतेम चार बोटांवर होता आणि लाकूड आतून धुमसत होतं. ते भिजवलं नसतं तर मध्यरात्री पेटलं असतं. भिंतीच्या पलीकडे माझी दोन मुलं झोपतात.

२७ जानेवारीला तुमचं उत्तर आलं: ‘धुराड्याची सफाई ही ग्राहकाची जबाबदारी असल्याने वॉरंटी लागू होत नाही.’

सफाई माझी जबाबदारी आहे, हे मला मान्य आहे. चूल माझी, धुराडं माझं, ते मीच साफ करणार. पण जबाबदारी टाकायची असेल तर हत्यार आणि माहिती द्यावी लागते. ती तुम्ही दिली नाही, आणि मी विचारलं तेव्हा घर पेटेल असा सल्ला दिला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत दिरांकडून शिकून मी स्वतःच्या हाताने तीनदा धुराडं साफ केलंय. जे शिकले ते इथे लिहिते. तुमच्या पुस्तिकेत हे छापलेलं असायला हवं होतं.

आधी काजळीचं कारण. लाकूड नीट जळलं नाही तर त्यातले वायू न जळताच धुरासोबत वर जातात आणि गार पाइपला लागून डांबरासारखे चिकटतात. याला क्रिओसोट म्हणतात. पाइपमधला धूर साधारण १२० अंशांखाली उतरला की हा थर जमायला लागतो. ओलं लाकूड, मिटलेली झडप, एकेरी पत्र्याचा लांब आडवा पाइप, या तिन्ही गोष्टींनी धूर गार पडतो, आणि तिन्ही आमच्याकडे तुमच्या माणसाच्या सांगण्यावरून किंवा हातून झाल्या. सुरुवातीला हा थर भुसभुशीत असतो, ब्रशने पडतो. मग त्याचे चकचकीत पापुद्रे होतात. शेवटी काचेसारखा टणक थर बसतो, तो ब्रशने निघत नाही, पाइपच बदलावा लागतो. आणि हा थर स्वतः जळण आहे. तो पेटला की आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाऊ शकते. अशा पाइपखाली मुद्दाम जोराचा जाळ करायला सांगणं म्हणजे आग लावायला सांगणंच झालं. मिठाने तो थर निघत नाही, उलट पत्रा गंजतो. आमचा जळका कोपरा दिरांनी कापून पाहिला तर आतून जागोजागी भोकं पडायला आली होती.

लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर वाळलेली टणटणीत वाजतात, ओली बद्द वाजतात. आता आम्ही उन्हाळ्यातच जळण फोडून, रचून, वरून झाकून ठेवणार आहोत. सोलापूरचं ऊन त्याला पुरेसं आहे.

पाइप कधी साफ करायचा, हेही दिरांनी दाखवलं. चूल गार असताना ते बोटाच्या पेराने पाइप खालून वर ठोकत गेले. खाली खणखणीत आवाज, कोपऱ्याजवळ एकदम बसका. माठ पारखावा तसं. मग उघडून बघायचं. थर तीन मिलिमीटर झाला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा, की पुढची चूल पेटवायच्या आधी सफाई. थर काचेसारखा चकाकत असेल तर जाडी मोजत बसायचं नाही, पाइपच बदलायचा. आम्ही रोज सहा तास पेटवतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी बघतो आणि महिन्याला साफ करतो.

सफाईच्या आदल्या दिवशी दुपारी चूल विझवायची आणि पुरे चोवीस तास हात लावायचा नाही, कारण राखेखाली निखारा जिवंत राहतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून अंगणात ठेवायची, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नाही. पीठ, काटवट, पाण्याची भांडी सगळं शेडबाहेर. डोक्याला घट्ट फडकं, डोळ्यांना बंद चष्मा, हातमोजे आणि एन-९५ मास्क. नुसता पदर लावून चालत नाही, ती काजळी फार बारीक असते आणि तिने कॅन्सर होऊ शकतो. चुलीचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करायचं.

छतावर आम्ही कोणी चढत नाही, आणि हे मोठ्या अक्षरात छापा. आमच्याकडे निम्म्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, पाय पडला की माणूस आरपार खाली येतो. दिरांनी रिवेट काढून प्रत्येक जोडाला तीन-तीन स्क्रू बसवले. आता पाइपचे तुकडे सोडवून अंगणात पोत्यावर ठेवतो आणि एकेक घासतो. बाहेरच्या उभ्या पाइपच्या तळाशी त्यांनी झाकणाचा ‘टी’ (इंग्रजी T आकाराचा जोड) बसवला, त्यातून खालूनच जोडदांडीचा ब्रश वर जातो. ब्रश बरोबर चार इंची. दांडी नेहमी उजवीकडेच फिरवायची, उलटी फिरवली तर जोड सुटून ब्रश वर अडकतो. टोपी शिडीवरून काढायची, खाली एकाने शिडी धरायची. टोपीची जाळी आमच्याकडे पूर्ण बुजली होती, उलट्या धुराचं मोठं कारण तेच. पहिल्या सफाईत तेलाचा पाच लिटरचा डबा पाऊण भरला.

जोडताना पाइपचं निमुळतं टोक खाली, चुलीच्या दिशेने, हवं. मग ओघळणारं डांबर पाइपच्या आतच राहून चुलीत पडतं. तुमच्या माणसाने सगळे जोड उलटे बसवले होते. भाकरीवरचा तो काळा थेंब तिथून आला. जोडून झालं की दार उघडं ठेवून कागदाचा एक बोळा पेटवायचा आणि धूर वर ओढला जातोय का ते बघायचं. ओढला नाही तर चूल पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. जावेच्या डोकेदुखीचा अर्थ मला आता कळतो आणि अंगावर काटा येतो.

आता माझं मागणं. जळालेले तीन पाइप आणि कोपरा बदलून द्या, एकेरी पत्र्याचा नको, बाहेरच्या भागाला दुहेरी द्या. आतला एकेरी पाइप लाकडापासून किमान दीड फूट लांब राहील अशी जोडणी तुमच्या खर्चाने करून द्या. वासा आणि पत्र्याच्या दुरुस्तीचे ४,३०० रुपये आणि भोगीच्या बुडालेल्या ऑर्डरचे ६,००० रुपये भरून द्या, पावत्या सोबत आहेत. ऑर्डर देणाऱ्यांपुढे त्या दिवशी मान खाली घालावी लागली, त्याचे पैसे मी मागत नाही.

याहून जास्त निकडीचं म्हणजे, आमच्या गटातल्या सहा जणींकडे पावसाळ्याआधी माणूस पाठवा. त्यांचे जोड तपासा, झाकणाचा ‘टी’ आणि चार इंची ब्रश द्या. ज्यांना ज्यांना ही चूल विकली त्यांना सफाईची माहिती मराठीत, चित्रांसह, घरपोच द्या. ‘काहीही जाळा’ हे जाहिरातीतून काढा. आणि मीठ टाकून जाळ करायचा सल्ला फोनवर आजपासून बंद करा. बाकी सगळ्याला वेळ लागेल हे मी समजू शकते, याला लागणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्याने इजा-नुकसान झालं तर त्याची जबाबदारी उत्पादकावर येते. या पत्रापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. जळका कोपरा, कापलेल्या अवस्थेत, मी जपून ठेवला आहे.

पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा दुपारी बारानंतर पाठवा. आदल्या दिवशी अकरापर्यंत चूल पेटलेली असते, ती पुरती गार व्हायला चोवीस तास लागतात. आणि आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्या दिवशी चूल पेटवणार नाही, त्याला गार पाइप उघडून दाखवता येईल.

आपली ग्राहक,
सोलापूर
(नाव, पत्ता आणि बिल क्रमांक सोबतच्या अर्जात)

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही फोनचे तक्रार क्रमांक, २७ जानेवारीचं उत्तर, जळक्या पाइपचे आणि वाशाचे फोटो, दुरुस्तीची पावती, रद्द झालेल्या ऑर्डरची नोंद.