मुलाने लिहिले म्हणून खोटे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी यांच्या चीनमधल्या वकिलातीवरचा तुमचा रविवारचा लेख वाचला. वकिलातीच्या सचिवाचा मुलगा, छोटा जॉर्ज टॉमस स्टॉन्टन, याच्या रोजनिशीला लेखकांनी ‘बालसुलभ टिपणे’ म्हणून वाटेला लावले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

१७९२ च्या सप्टेंबरात जहाज इंग्लंडहून निघाले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. नेपल्सहून आणलेल्या चिनी धर्मगुरूंकडून तो प्रवासात चिनी शिकला. आपले अक्षर ओळखले जाईल या धास्तीने चिनी लेखनिक मागे सरले, तेव्हा वकिलातीच्या चिनी कागदाची नक्कल या पोराने केली. १४ सप्टेंबर १७९३ ला जेहोलला, म्हणजे बादशहाच्या उन्हाळी मुक्कामी, चीनचा बादशहा चियनलुंगने त्याच्याकडून चिनी बोलून घेतले आणि स्वतःच्या कमरेची थैली त्याला दिली. अशा मुलाला काय दिसले ते कळत नव्हते?

चिनी दरबारात डोके जमिनीला टेकवून नमन करायची रीत होती; लेखकांनी अर्धे पान ‘मॅकार्टनी बादशहापुढे किती वाकले’ या वादाला दिले आहे. मग मुलाचे पान का वगळले? एका गुडघ्यावर बसून आम्ही डोके जमिनीपर्यंत वाकवले, असे त्याने लिहिले होते. त्यातले ‘जमिनीपर्यंत’ नंतर खोडलेले आहे, पण वाचता येते. मोठ्यांच्या छापील वृत्तांतांत अशी खाडाखोडही हाती लागत नाही.

शाळेत असताना मी जंजिऱ्याच्या सहलीची वही लिहिली होती. होडी लागून निम्मी मुले ओकली आणि आमचे सर डोळे मिटून स्तोत्र म्हणत बसले, हे त्यात होते. बाईंनी ते पान फाडायला लावले आणि ‘सागराचे रौद्र सौंदर्य’ सांगून लिहवून घेतले. त्या वहीला बक्षीस मिळाले. आज ती वाचताना त्या दिवसातले काहीच सापडत नाही, ना सरांचा आवाज, ना आमची भीती. मुलांचे लिखाण मोठ्यांनी असे पुसले की ते कायमचे जाते, हे मी अनुभवले आहे.

आणखी एक. जेहोलच्या चित्राखाली तुम्ही ‘प्रत्यक्षदर्शी चित्रकार विल्यम अलेक्झांडर’ असे छापले आहे. अलेक्झांडरना पेकिंगलाच मागे ठेवले होते. जेहोलची चित्रे त्यांनी वकिलातीतल्या लेफ्टनंट पॅरिश यांच्या रेखाटनांवरून केली. जो तिथे नव्हता तो प्रत्यक्षदर्शी, आणि जो बादशहासमोर उभा होता त्याची टिपणे बालसुलभ! येत्या रविवारी निदान चित्राखालची ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, चिपळूण